मूठभरांसाठी न्यायालयाचं दार



मी वकील आहे. जिल्हा न्यायालयात पस्तीस वर्षं वकिली केली. शेतीच्या बांधापासून पोटगीपर्यंत सगळ्या तऱ्हेचे दावे चालवले. आज मात्र माझ्या नेहमीच्या कामाबाहेरच्या एका विषयावर बोलणार आहे. समलिंगी स्त्री-पुरुष, तृतीयपंथी, जन्मावेळी नोंदलेलं लिंग आपलं नाही असं मनापासून वाटणारी माणसं, यांना हल्ली एकत्रितपणे ‘एलजीबीटीक्यू’ म्हणतात. त्यांचे मूलभूत हक्क आणि आपली न्यायालयं, असा हा विषय आहे.

या विषयावर बार रूममध्ये, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत गप्पा निघाल्या की तीन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला : इतक्या थोड्या लोकांसाठी न्यायालयाने इतका वेळ का घालवायचा? दुसरा : समाजाने काय मानावं हे ठरवणारे न्यायाधीश कोण? त्यासाठी लोकांनी निवडून दिलेली संसद आहे ना? आणि तिसरा : आता निकाल लागला, मग अजून काय राहिलं? हे तिन्ही प्रश्न विचारणारी माणसं वाईट नसतात. म्हणून या प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचा प्रयत्न करतो.

आधी थोडा इतिहास. भारतीय दंड संहिता १८६० साली झाली आणि १८६२ पासून लागू झाली. तिचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने केला होता. याच संहितेत कलम ३७७ आलं. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध ठेवणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम. निसर्गक्रम म्हणजे काय, हे कुठे सांगितलेलं नव्हतं. दोघं सज्ञान आहेत का, दोघांची संमती होती का, हेही कलमाला विचारायचं नव्हतं. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तृतीयपंथीयांची पोलिसांकडे नोंदवही ठेवण्याची तरतूद झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन सज्ञान पुरुषांमधला खाजगी संबंध १९६७ साली गुन्ह्यातून वगळला गेला. ज्यांनी कायदा दिला ते त्यातून बाहेर पडले, आपण मात्र पुढे पन्नास वर्षं तो जपून ठेवला.

बंदी केवळ वागण्यावर नव्हती, बोलण्यावरही होती. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत. त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीचेही प्रश्न असत. त्या प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली मुंबईत कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांच्या मनातल्या शंकांना शास्त्रीय उत्तर देणं हा गुन्हा कसा, हा प्रश्न आपल्याकडच्या न्यायालयात तेव्हाच विचारला गेला होता, हे मराठी माणसाने विसरू नये.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. माणसं किती, हा तो प्रश्न.

नव्वदच्या दशकात माझ्याकडे एक पक्षकार आले होते. चाळिशीचे, एका कचेरीत कारकून. बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांनी उठून माझ्या खोलीचं दार लावलं. दोन माणसं दर महिन्याच्या पगाराला त्यांच्या दारात उभी राहात आणि पैसे नेत. न दिल्यास कचेरीत सांगू, गावी आईला सांगू, पोलिसांत देऊ, अशी धमकी. काय सांगू, हे त्यांनी मला शेवटपर्यंत शब्दांत सांगितलं नाही. मी समजलो. त्यांनी विचारलं, “वकीलसाहेब, यांच्यावर तक्रार करता येईल का?”

मी दंड संहिता काढली. खंडणीसाठी कलमं होतीच. पण कलम ३८८ आणि ३८९ मध्ये एक वेगळीच गोष्ट लिहिलेली होती. खोट्या-खऱ्या आरोपाची भीती घालून कुणी पैसे उकळले आणि तो आरोप कलम ३७७ चा असेल, तर उकळणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. श्रोतेहो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हे कलम लोकांना लुबाडायला वापरलं जाईल, हे कायदा लिहिणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यासाठी त्यांनी वेगळी शिक्षा लिहून ठेवली, पण मूळ कलम मात्र ठेवलं.

कागदावर माझ्या पक्षकाराची बाजू भक्कम होती. प्रत्यक्षात तक्रार नोंदवायची तर त्यांना ठाण्यात जाऊन सांगावं लागलं असतं की मला कशाची धमकी दिली जाते. म्हणजे फिर्यादी म्हणून आत जायचं आणि आरोपी होऊन बाहेर यायचं. मी त्यांना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “राहू द्या.” काही महिन्यांनी त्यांनी लांबच्या जिल्ह्यात बदली मागून घेतल्याचं कळलं.

हा प्रसंग सांगायचं कारण असं, की ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवताना एक मुद्दा मांडला होता. दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली दोनशेहूनही कमी खटले झाल्याचं दिसतं आणि हा वर्ग लोकसंख्येत अगदी अल्प आहे, असा तो मुद्दा. छापील निकालपत्रांतून मोजलं तर आकडा तेवढाच भरेल. पण माझ्या पक्षकाराचा खटला त्या दोनशेत नव्हता. तो कुठल्याच नोंदवहीत नव्हता. ज्या कायद्याची जरब ठाण्याच्या बाहेरच काम करते, त्याचा हिशेब खटल्यांच्या संख्येवरून कसा करणार?

आणि संख्या हा मुळात मूलभूत हक्कांचा निकषच नाही. बहुसंख्यांना हक्कांसाठी न्यायालयात जावं लागत नाही. ते मतपेटीतून आपलं काम करून घेतात. घटनेत मूलभूत हक्कांचं स्वतंत्र प्रकरण घातलं ते ज्यांच्याकडे मतांचा गठ्ठा नाही त्यांच्यासाठी. २४ ऑगस्ट २०१७ च्या खाजगीपणाच्या हक्कावरील निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हेच अधोरेखित केलं. लैंगिक कल हा माणसाच्या खाजगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भाग आहे, आणि एखादा वर्ग लहान आहे म्हणून त्याचा हक्क नाकारता येत नाही, असं त्या पीठातल्या न्यायमूर्तींनी २०१३ च्या निकालाचा उल्लेख करून सांगितलं.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. न्यायाधीश कोण ठरवणारे?

याचं उत्तर आपल्या घटनेच्या तेराव्या अनुच्छेदात आहे. घटना येण्यापूर्वीचे जे कायदे मूलभूत हक्कांशी विसंगत असतील, ते त्या विसंगतीपुरते रद्द समजले जातील, असं तिथे लिहिलेलं आहे. कलम ३७७ हे १८६० चं. तेव्हा ते चौदाव्या अनुच्छेदातल्या समानतेशी, पंधराव्यातल्या भेदभावबंदीशी, एकविसाव्यातल्या जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याशी जुळतं का, हे तपासणं ही न्यायालयाची हौस नव्हती, घटनेनेच त्याच्यावर टाकलेलं काम होतं. ज्याचा हक्क हिरावला जातो त्याला बत्तिसाव्या अनुच्छेदाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात आणि दोनशे सव्विसाव्याखाली उच्च न्यायालयात जाता येतं. बाबासाहेबांनी बत्तिसाव्या अनुच्छेदाला घटनेचा आत्मा म्हटलं होतं ते उगीच नव्हे.

आणि संसदेचं म्हणाल तर तिथेही प्रयत्न झाला होता. डिसेंबर २०१५ मध्ये खासदार शशी थरूर यांनी कलम ३७७ बदलण्यासाठी खाजगी विधेयक मांडू पाहिलं. विधेयकावर चर्चा दूरच, ते मांडण्याचीच परवानगी लोकसभेने नाकारली. बाजूने २४ मतं, विरोधात ७१. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरता निर्णय केंद्र सरकारने न्यायालयाच्या विवेकावर सोपवला. एका सभागृहाने दार लावून घेतलं, सरकारने हात वर केले. मग माणसाने जायचं कुठे?

न्यायालयाचा रस्ताही काही सरळ नव्हता. तो थोडक्यात सांगतो, कारण त्यात किती वर्षं गेली हे कळायला हवं.

पहिली याचिका १९९४ ची. दिल्लीच्या तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध द्यायला नकार मिळाला, त्यावरून एड्सविषयी काम करणारी एक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ती याचिका पुढे सरकली नाही. २००१ मध्ये नाझ फाउंडेशन या संस्थेने नवी याचिका केली. २००४ मध्ये ती फेटाळली गेली. तुम्हाला स्वतःला या कलमाची झळ कुठे लागली, असा सवाल होता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिल्लीला पाठवली, नीट ऐका म्हणून. या सुनावणीत सरकारचीच दोन तोंडं दिसली. गृह खातं कलम हवं म्हणत होतं, तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना सांगत होती की या कलमाच्या भीतीने माणसं लपून राहतात आणि त्यांच्यापर्यंत उपचार पोचत नाहीत.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्या. मुरलीधर यांनी निकाल दिला. सज्ञान व्यक्तींचा संमतीचा खाजगी संबंध गुन्हा ठरणार नाही, असं त्यांनी सांगितलं. न्या. शहा आपल्या सोलापूरचे. लोकांची नैतिकता वेगळी आणि घटनेची नैतिकता वेगळी, आणि न्यायालयाने घटनेची बघायची, हा बाबासाहेबांचा विचार त्या निकालाचा कणा होता.

याच काळातली एक गोष्ट मराठी वाचकांना माहीत असायला हवी. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरहून गेलेले मराठीचे प्राध्यापक आणि कवी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या खोलीत घुसली. त्यानंतर विद्यापीठाने निलंबित केलं ते घुसणाऱ्यांना नव्हे, सिरस यांना. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. खाजगीपणा हा हक्क आहे आणि कुणी समलिंगी आहे एवढ्यावरून ते गैरवर्तन ठरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. आठवडाही उलटला नाही तोच, ७ एप्रिलला, सिरस त्यांच्या भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले.

निकाल त्यांच्या बाजूने होता. कायदाही, दिल्लीच्या निकालामुळे, त्यांच्या बाजूने झुकलेला होता. तरी माणूस वाचला नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मला हे पुन्हा आठवावं लागणार आहे.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल उलटवला, हे सांगितलंच. साडेचार वर्षं जी माणसं गुन्हेगार नव्हती ती एका सकाळी पुन्हा गुन्हेगार झाली. पण त्यानंतर चारच महिन्यांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने तृतीयपंथीयांविषयी अगदी वेगळा निकाल दिला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या या याचिकेत ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी याही बाजू मांडायला होत्या. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, आणि शिक्षणात व नोकऱ्यांत त्यांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग म्हणून आरक्षण द्यावं, असं न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी सांगितलं.

अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने २०१३ चा निकाल मोडीत काढला आणि सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम ३७७ घटनाबाह्य ठरवलं. पाचांपैकी दोघे, न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड, हे आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले. पीठातल्या एकमेव महिला न्यायाधीश इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं, की इतक्या उशिराबद्दल इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. १९९४ ते २०१८ म्हणजे चोवीस वर्षं. माझे ते पक्षकार तोवर निवृत्त झाले असतील.

निकालाने जमिनीवर काय बदलतं याची दोन उदाहरणं देतो. मध्य प्रदेशात कटनी शहराच्या महापौरपदी स्त्रियांसाठी राखीव जागेवर कमला जान ही तृतीयपंथी व्यक्ती लोकांनी निवडून दिली होती. या व्यक्ती पुरुष आहेत म्हणून ती निवड रद्द झाली, आणि २००३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. आता दुसरं उदाहरण आपल्या जळगाव जिल्ह्यातलं, भादली बुद्रुक ग्रामपंचायतीचं. स्त्रियांसाठी राखीव जागेवर एका तृतीयपंथी उमेदवाराने अर्ज भरला, निवडणूक अधिकाऱ्याने तो बाद केला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१४ च्या निकालाचा आधार घेऊन स्त्री म्हणून निवडणूक लढवायला परवानगी दिली. उमेदवार निवडूनही आल्या. प्रश्न तोच, फक्त मधल्या काळात एक निकाल आलेला.

तसंच पोलीस भरतीचं. अर्जात पुरुष आणि स्त्री या दोनच रकाने होते. प्रकरण आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात आणि मग उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर राज्य सरकारने तिसरा रकाना ठेवण्याचं आणि शारीरिक चाचणीचे नियम करण्याचं मान्य केलं. रकाना ही किती लहान गोष्ट! पण ज्याच्यासाठी रकानाच नाही त्याच्यासाठी नोकरीही नाही.

जुने कायदे आपोआप मरत नाहीत, हेही या निमित्ताने दिसलं. निजामाच्या राज्यात १९१९ साली तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याचा आणि त्यांना वॉरंटशिवाय पकडण्याचा कायदा झाला होता. तेव्हा आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता. तो कायदा तेलंगणच्या उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, कधी? तर जुलै २०२३ मध्ये. तोवर तो कायद्याच्या पुस्तकात सुखाने नांदत होता.

आता तिसरा प्रश्न. निकाल लागला, मग राहिलं काय?

बरंच राहिलं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अधिकाराची सीमा आखून घेतली. विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, विशेष विवाह कायद्यात नवे शब्द घालणं हे आमचं काम नव्हे, ते संसदेने करायचं, याबाबत पाचही न्यायाधीश एकमताचे होते. विवाह नाही तरी अशा जोडप्यांच्या नात्याला काही कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन असा निकाल लागून तीही नाकारली गेली. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. तृतीयपंथी स्त्री किंवा पुरुषाला भिन्नलिंगी जोडीदाराशी प्रचलित कायद्याने लग्न करता येतं, एवढं मात्र या निकालात स्पष्ट झालं.

मला स्वतःला अल्पमतातल्या दोन न्यायमूर्तींचं म्हणणं पटतं. लग्न म्हणजे नुसते अक्षता आणि वाजंत्री नव्हे. रुग्णालयात सही कुणी करायची, घर कुणाच्या नावावर राहील, निवृत्तिवेतन कुणाला मिळेल, असे असंख्य हक्क त्या एका नात्याला चिकटलेले आहेत. पण बहुमताचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. जुना जुलमी कायदा पुसणं न्यायालयाला सोपं असतं. नवी व्यवस्था बांधायला कायदेमंडळच लागतं. म्हणून संसदेकडे बोट दाखवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की ते बोट आता तिकडेच ठेवावं आणि आपल्या खासदाराला याबाबत विचारावं.

निकालानंतर केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये काही खुलासे निघाले. अशा जोडप्याला बँकेत संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला कसलीही आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी दोघांना एक कुटुंब धरावं. आणि जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. ही शेवटची गोष्ट वाचताना मी थांबलो. आयुष्यभर सोबत राहिलेल्या माणसाचा अंत्यविधी करता यावा, यासाठी सरकारी पत्र लागावं!

इथे वकील म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. बँकेत नाव लावलं म्हणजे पैसा जोडीदाराचा झाला, असं नाही. नामनिर्देशित व्यक्ती साधारणपणे विश्वस्त असते, वारस हक्क सांगू शकतात. म्हणून स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, शक्य तर नोंदवा. मुखत्यारपत्रावर विसंबू नका, ते माणसाबरोबर संपतं. आणि आपण शुद्धीवर नसताना उपचारांबाबत कुणाचं ऐकावं हे आधी लिहून ठेवता येतं. २०२३ पासून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतं.

कायद्यातल्या काही फटी अजून बुजायच्या आहेत. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलम ३७७ नाही. २०१८ च्या निकालाने त्यातला बळजबरीविषयीचा भाग शिल्लक ठेवला होता, तोही नव्या संहितेत आला नाही. म्हणजे पुरुषावर दुसऱ्या पुरुषाने लैंगिक बळजबरी केली तर त्यासाठीचं नेमकं कलम तिच्यात घातलं गेलं नाही. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा झाला तेव्हा त्यातही लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा ठेवली होती. स्त्रीवरच्या बलात्काराची शिक्षा याहून कितीतरी अधिक. देह वेगळा म्हणून वेदनेचं मोल कमी कसं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारलिंगी शिक्षिकेच्या प्रकरणात भरपाई देववली आणि समान संधीचं धोरण आखण्यासाठी समिती नेमली. कायदा करून सरकार स्वस्थ बसलं तर तोही हक्कभंगच, असा त्याचा मथितार्थ.

आणि घराचं काय? उच्च न्यायालयांपुढे अशा प्रकरणांत सर्वांत जास्त येते ती देहोपस्थितीची याचिका. दोन सज्ञान मुली एकत्र राहायला जातात, घरचे एकीला ओढून नेऊन कोंडतात, दुसरी न्यायालयात येते. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचनाच दिल्या : मुलीशी न्यायाधीशांनी एकांतात बोलावं, तिची इच्छा विचारावी, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नये, आई-वडिलांचा दबाव येऊ देऊ नये.

मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांच्यापुढे २०२१ मध्ये अशाच दोन तरुणींचं प्रकरण आलं. या विषयाची आपल्याला पुरेशी समज नाही, असं त्यांनी उघडपणे नोंदवलं. ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे गेले, समजून घेतलं आणि मगच आदेश लिहिला. समलिंगी कल ‘बरा’ करण्याच्या नावाखाली चालणाऱ्या उपचारांना त्यांनी मनाई केली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला शिकायला कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

न्यायालय बरंच काही करू शकतं. गुन्हा पुसू शकतं, रकाना वाढवू शकतं, कोंडलेल्या मुलीला समोर उभं करून तुला कुठे जायचंय हे विचारू शकतं. पण ती कुठल्या घरात जाईल, घरमालक खोली देईल का, शाळेत शिपाई तिला कोणत्या नावाने हाक मारेल, हे न्यायालयाच्या हुकमाने ठरत नाही. प्रा. सिरस यांच्या हातात न्यायालयाचा आदेश होता. शेजारी, सहकारी, विद्यार्थी यांतलं किती जण त्यांच्या खोलीवर गेले असतील? मी त्या गावचा नाही, मी निवाडा करणार नाही. पण आपल्या आळीत, आपल्या कचेरीत, आपल्याच घरात असं कुणी असेल, आणि असतंच, तर त्याला न्यायालयापर्यंत जाण्याची वेळच येऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.

चुलत्याचा मुलगा लग्नाला नाही म्हणतो, त्याला चारचौघांत छेडू नका. मुलीने आई-वडिलांना काही सांगितलं, तर पहिल्या दिवशी डॉक्टर आणि देवऋषी शोधू नका. पहिल्या दिवशी तिला जेवायला वाढा. आणि कुणी तुमच्यापाशी येऊन दार लावून बोलू लागला, तर शेवटपर्यंत ऐकून घ्या. आता त्याला ठाण्यात फिर्यादी म्हणून जाता येतं आणि फिर्यादी म्हणूनच बाहेर येता येतं. हवं असेल तर त्याच्याबरोबर जा.